सोजर्नर ट्रुथ : स्वत:च्या छबीची मालकीण

२६ नोव्हेंबर हा दिवस आपण संविधान दिन म्हणून साजरा करतो. १९४९ साली याच दिवशी संविधान सभेने महामानव डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अथक परिश्रमातून साकारलेली राज्यघटना स्वीकारली. या दिवशी वस्त्यावस्त्यांतून उद्देशिकेचे वाचन होते, मिरवणुका निघतात, व्याख्याने होतात. ते झालेच पाहिजे. परंतु याच तारखेला, ६६ वर्षे अगोदर, म्हणजे १८८३ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात बॅटल क्रीक या गावी एका वृद्ध कृष्णवर्णीय स्त्रीने अखेरचा श्वास घेतला, याची आठवण आपल्यापैकी किती जणांना असते? ती स्त्री जन्माने गुलाम होती. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. तरीही तिने न्यायालयात गोऱ्यांना हरविले, राष्ट्राध्यक्षांची भेट घेतली आणि देशभर हिंडून गुलामगिरीविरुद्ध व स्त्रियांच्या हक्कांसाठी रान उठविले. तिचे नाव सोजर्नर ट्रुथ.

त्यांच्या भाषणांविषयी थोडेफार लिहिले गेले आहे. आज आम्ही त्यांच्या एका वेगळ्याच कामाविषयी लिहिणार आहोत, कारण ते काम आमच्या चळवळीला अगदी जवळचे आहे. सोजर्नर ट्रुथ स्वत:चे फोटो विकत असत. तळहातावर मावेल एवढे छोटे फोटो, जाड कार्डावर चिकटविलेले. सभा संपली की पिशवीतून आपले पुस्तक आणि हे फोटो बाहेर काढायचे, लोकांना विकायचे आणि आलेल्या पैशावर पोट भरून पुढच्या गावाला जायचे. भाषणे गाजली, पण त्या जगल्या या फोटोंवर.

हे फोटो म्हणजे काय होते, ते आधी समजून घेतले पाहिजे. १८५४ साली पॅरिसमधील डिस्देरी नावाच्या फोटोग्राफरने एक युक्ती शोधली आणि तिचे पेटंट घेतले. अनेक भिंगांचा कॅमेरा वापरून एकाच काचेच्या पट्टीवर आठ छोटी चित्रे उतरवायची, ती अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या कागदावर छापायची, कापायची आणि साधारण अडीच इंच रुंद व चार इंच उंच कार्डावर डकवायची. आकार त्या काळच्या भेटकार्डाएवढा, म्हणून त्याला फ्रेंच भाषेत भेटकार्डाचेच नाव पडले, कार्त द व्हिझिट. त्यापूर्वी फोटो म्हणजे बहुधा चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावरची एकुलती एक प्रतिमा असे. तिची दुसरी प्रत निघत नसे, आणि गरिबाला ती परवडतही नसे. या कार्डामुळे एकाच चेहऱ्याच्या शेकडो प्रती निघू लागल्या. १८६० साली लंडनमध्ये राणी व्हिक्टोरिया व तिच्या कुटुंबाची अशी कार्डे बाजारात आली आणि युरोप-अमेरिकेत वेड लागल्यासारखे झाले. घरोघरी अल्बम आले. त्यात राजे, सेनापती, नट-नट्या, धर्मोपदेशक आणि घरचीच माणसे शेजारी शेजारी बसली. लोक कार्डे जमवीत, एकमेकांना देत, टपालाने पाठवीत. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेव्हा लढायला निघालेला प्रत्येक शिपाई घरी आपले कार्ड ठेवून जाऊ लागला. हा धंदा एवढा वाढला की युद्धाच्या खर्चासाठी सरकारने १८६४ ते १८६६ या काळात फोटोंवर कर बसविला आणि कार्डाच्या मागे महसुली तिकीट चिकटविणे सक्तीचे केले.

या बाजारात एक काळी स्त्री स्वत:ची छबी घेऊन उतरली. त्या अगोदर तिचा स्वत:चाच बाजार कितीदा मांडला गेला होता, ते पाहा.

न्यूयॉर्क राज्यातील अल्स्टर परगण्यात १७९७ च्या सुमारास तिचा जन्म झाला. गुलामांच्या जन्माची नोंद कोण ठेवणार? नाव इझाबेला. मालक डच वंशाचे, त्यामुळे तिची पहिली भाषा डच. अमेरिकेतील गुलामगिरी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे दक्षिणेतील कापसाचे मळे येतात, पण उत्तरेचे न्यूयॉर्कदेखील या पापातून सुटलेले नव्हते. इझाबेलाच्या आईबापाला बरीच मुले झाली आणि एकामागून एक विकली गेली. लहानग्या भाऊ-बहिणीला बर्फावरच्या घसरगाडीत घालून नेले, ती गोष्ट आई रात्री रडत रडत सांगे. नऊ वर्षांची असताना इझाबेलाचाही लिलाव झाला. मेंढ्यांच्या एका कळपासह तिची किंमत आली १०० डॉलर. नव्या मालकाची भाषा इंग्रजी. तिला ती कळेना, म्हणून तो तिला फोडून काढी. त्या वळांच्या खुणा तिच्या पाठीवर जन्मभर राहिल्या. पुढे एका खाणावळवाल्याने तिला १०५ डॉलरला घेतले. १८१० साली जॉन ड्युमाँट नावाच्या शेतकऱ्याने १७५ डॉलरला. शंभर, एकशे पाच, एकशे पंचाहत्तर! बैलबाजारात दात पाहून भाव ठरावा तसा माणसाचा भाव चढत गेला.

शेजारच्या मळ्यावरील रॉबर्ट नावाच्या गुलामावर तिचे मन जडले. त्याच्या मालकाला ते नको होते, कारण होणारी लेकरे इझाबेलाच्या मालकाची मालमत्ता ठरली असती. त्याने रॉबर्टला रक्तबंबाळ होईपर्यंत मारले. त्यानंतर ड्युमाँटने तिची सांगड थॉमस नावाच्या दुसऱ्या गुलामाशी घालून दिली. तिला पाच मुले झाली.

न्यूयॉर्क राज्याच्या कायद्याने ४ जुलै १८२७ रोजी गुलामगिरी संपणार होती. नीट काम केलेस तर तुला एक वर्ष आधी सोडीन, असे वचन ड्युमाँटने दिले आणि वेळ आल्यावर मोडले. तुझ्या हाताला दुखापत झाली, काम कमी झाले, हे त्याचे कारण. आपल्याकडच्या सालगड्याच्या हिशेबाची ज्याला माहिती आहे, त्याला हे कारण नवे वाटणार नाही! तिने मालकाच्या घरचे लोकर कातण्याचे काम पुरे केले आणि १८२६ च्या अखेरीस एका पहाटे तान्ह्या मुलीला घेऊन ती निघून गेली. आपण पळालो नाही, चालत निघालो, असे त्या पुढे सांगत असत. जवळच्या व्हॅन वॅगेनेन कुटुंबाने तिला आसरा दिला आणि मागे लागलेल्या ड्युमाँटच्या हातावर उरलेल्या काळासाठी २० डॉलर ठेवले.

याच सुमारास तिला कळले, की तिचा पाच वर्षांचा मुलगा पीटर बेकायदेशीरपणे दूर दक्षिणेत, अलाबामात पाठविला गेला आहे. न्यूयॉर्कच्या कायद्याप्रमाणे राज्याबाहेर गुलाम विकणे गुन्हा होता. पण कायदा पुस्तकात असतो आणि मालक गावात असतो. मालकिणीने तिची टर उडविली. ती मात्र थेट किंग्स्टनच्या न्यायालयात जाऊन उभी राहिली. क्वेकर पंथीय सज्जनांनी मदत केली, आणि १८२८ साली तिने मुलगा परत मिळविला. काळ्या स्त्रीने गोऱ्या माणसाविरुद्ध न्यायालयात जिंकलेल्या अगदी पहिल्या खटल्यांपैकी हा एक. मुलाच्या पाठीवर चाबकाचे व्रण होते. या खटल्याची कागदपत्रे १९० हून अधिक वर्षे धूळ खात पडली होती, ती २०२२ साली न्यूयॉर्क राज्याच्या अभिलेखागारात सापडली. ज्यांना इतिहास नाही असे म्हटले जाते, त्यांचा इतिहास असा गठ्ठ्यांत बांधून ठेवलेला असतो.

पुढची काही वर्षे न्यूयॉर्क शहरात मोलकरणीचे काम. तेथे एका भोंदू पैगंबराच्या नादी लागून त्या फसल्या, हेही सांगितले पाहिजे. आम्हाला आमच्या महामातांना देव्हाऱ्यात बसवायचे नाही. त्या पंथातील एका मृत्यूनंतर एका गोऱ्या जोडप्याने त्यांच्यावर विषप्रयोगाचा आळ घेतला, तेव्हा त्यांनी बदनामीचा दावा लावला आणि १८३५ मध्ये तो जिंकून १२५ डॉलर भरपाई घेतली. १ जून १८४३ रोजी मालकांनी दिलेले नाव टाकून त्यांनी स्वत:चे नाव स्वत: ठेवले. सोजर्नर म्हणजे वाटसरू, ट्रुथ म्हणजे सत्य. सत्य सांगत हिंडणारी. नाव बदलणे म्हणजे काय असते, हे आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

मॅसॅच्युसेट्समधील नॉर्थॅम्प्टन येथे समतेच्या तत्त्वावर चालणारी एक वसाहत होती. तेथे त्यांची विल्यम लॉइड गॅरिसन, फ्रेडरिक डग्लस यांच्याशी गाठ पडली. १८५० साली त्यांनी आपली जीवनकथा ऑलिव्ह गिल्बर्ट या मैत्रिणीला सांगून लिहवून घेतली आणि छापून घेतली. ते पुस्तक स्वत: विकून त्यांनी घराचे कर्ज फेडले. १८५१ साली ओहायो राज्यातील ॲक्रन येथे स्त्री-हक्क परिषदेत त्यांनी केलेले भाषण जगप्रसिद्ध आहे. पण येथे एक गोम आहे. त्या भाषणाचा वृत्तान्त महिनाभरात एका गुलामगिरीविरोधी पत्राने छापला होता. त्यात, मी बाई नाही काय, हा आज पोस्टरांवर झळकणारा प्रश्न नाहीच! तो आला तब्बल १२ वर्षांनी, १८६३ साली, फ्रान्सेस गेज या गोऱ्या कार्यकर्तीने आठवणीतून लिहिलेल्या लेखात. गेजबाईंनी त्यांच्या तोंडी दक्षिणेकडच्या मळ्यातील गुलामांची तोडकी-मोडकी बोली घातली. ज्या स्त्रीची मातृभाषा डच, जी जन्मभर उत्तरेत राहिली, तिला दक्षिणेचे हेल! पाच मुलांची तेरा मुले केली. त्याच वर्षी हॅरिएट बीचर स्टोव्ह या नामांकित लेखिकेनेही एका मोठ्या मासिकात ट्रुथ यांच्यावर लेख लिहिला. त्यात त्यांना आफ्रिकेत जन्मलेली म्हटले, आणि जिवंत बाईला मृत ठरवून टाकले.

या दोन्ही लेखिका गुलामगिरीच्या विरोधातल्या होत्या, शत्रूपक्षातल्या नव्हत्या. सहानुभूती असणारा सवर्ण लेखक आमच्याविषयी लिहितो, तेव्हा आमची माणसे हटकून अडाणी बोलतात, हटकून रडतात, आणि कथेच्या शेवटी हटकून मरतात. हा अनुभव मराठी वाचकाला परका नाही. सोजर्नर ट्रुथ यांनी मात्र गप्प बसणे पत्करले नाही. स्टोव्हबाईंनी आपल्या तोंडी घातलेला एक लाडिक शब्द आपण कधीच वापरत नाही, असे त्यांनी वर्तमानपत्राला पत्र पाठवून कळविले आणि आपली खरी हकीकत हवी असेल तर आपले पुस्तक घ्यावे असे सुचविले.

आणि याच काळात, १८६३-६४ मध्ये, त्या फोटोग्राफरच्या खोलीत जाऊन बसल्या. हा योगायोग आहे असे आम्हाला वाटत नाही. दुसऱ्यांनी शब्दांत काढलेले चित्र चुकीचे होते. आता त्यांनी आपले चित्र स्वत: बसून काढून घेतले.

त्यांचे वय तेव्हा पासष्टीच्या पुढे होते, प्रकृती ठीक नव्हती, हाताशी पैसा नव्हता. काही फोटोंत त्या उभ्या आहेत, हातात काठी आहे. बहुतेकांत खुर्चीवर ताठ बसलेल्या. डोक्याला स्वच्छ पांढरी टोपी, अंगावर शाल, डोळ्यांवर चष्मा, मांडीवर लोकरीचे विणकाम, शेजारच्या टेबलावर पुस्तक आणि फुलदाणी. मध्यमवर्गीय घरातील प्रतिष्ठित स्त्रीने बसावे तशा. ज्या बाईला वाचता येत नव्हते तिच्याजवळ पुस्तक कशाला, असे कोणी म्हणेल. आम्ही म्हणतो, का नको? ते पुस्तक तिला नाकारले गेले होते, तिने ते मागितलेले आहे. लोकर तर तिने मालकासाठी ढिगाने कातली होती. आता ती स्वत:साठी विणत होती. हाताची दुखापत कायमची होती, पण त्या हाताचे प्रदर्शन तिने मांडले नाही. पाठीवरचे वळ तर या फोटोंत दाखविलेच नाहीत.

याचे महत्त्व कळण्यासाठी त्याच वर्षांतील दुसरी कार्डे पाहावी लागतील. १८६३ साली लुइझियानातून पळून आलेल्या एका गुलामाचा फोटो अमेरिकाभर खपला. उघडी पाठ कॅमेऱ्याकडे, आणि त्या पाठीवर चाबकाच्या व्रणांचे जाळे. त्या फोटोने अनेकांची झोप उडविली, गुलामगिरीविरुद्ध मत तयार केले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण त्या माणसाचे नाव गॉर्डन की पीटर, याचा आजही घोळ आहे. पाठ सर्वांना माहीत, माणूस कोणालाच नाही. त्याच्याही आधी, १८५० साली, हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापक लुई आगासी याने काळा माणूस ही वेगळी व कनिष्ठ जात आहे हे सिद्ध करण्यासाठी साउथ कॅरोलिनातील रेंटी, त्याची मुलगी डेलिया व इतर गुलामांना उघडे करून त्यांच्या प्रतिमा पत्र्यावर उतरवून घेतल्या. त्यांना कोणी विचारले नव्हते. त्या प्रतिमा विद्यापीठाच्याच ताब्यात राहिल्या. रेंटीच्या वंशातील एका स्त्रीने त्यांसाठी २०१९ साली दावा लावला आणि २०२५ मध्ये तडजोड होऊन त्या चार्ल्सटन येथील आफ्रिकन-अमेरिकन संग्रहालयाकडे देण्याचे ठरले. म्हणजे आपल्या खापरपणजोबाच्या फोटोसाठी १७५ वर्षांनी भांडावे लागले!

हे केवळ अमेरिकेत घडत होते असे नाही. कॅमेरा आपल्या देशातही त्याच काळात आला. मुंबईत १८५४ सालीच फोटोग्राफीची संस्था निघाली होती. १८५७ च्या उठावानंतर राज्य करायचे तर ही माणसे कोण आहेत ते कळले पाहिजे, या हेतूने ब्रिटिश सरकारने लोकांचे फोटो गोळा केले आणि १८६८ ते १८७५ या काळात लंडनहून आठ खंड काढले. चारशेहून अधिक फोटो. ग्रंथाचे नाव भारताचे लोक अशा अर्थाचे. फोटोखाली बहुधा जात किंवा जमात लिहिलेली, सोबत ती जात कशी आहे, विश्वासू की लबाड, याचा शेरा. अमक्या जातीचा नमुना, तमक्या टोळीचा नमुना. ज्यांच्याकडे बोट दाखविले ती माणसे कोण होती, कोणाची आई-बाप होती, हे त्या पुस्तकातून कळत नाही. मनूने जे पोथीत केले, ते साहेबाने काचेच्या पट्टीवर केले.

आता सोजर्नर ट्रुथ यांचे १८६४ चे कार्ड हातात घ्या. समोर फोटो. खाली छापील अक्षरांत त्यांचे पूर्ण नाव, आणि त्यासोबत एक ओळ. देहाला जगविण्यासाठी आपण आपली सावली विकतो, अशा अर्थाची. सावली हा त्या काळी फोटोसाठी रूढ शब्द होता. फोटोग्राफर मंडळी आपल्या जाहिरातींत, माणूस जाण्यापूर्वी त्याची सावली टिपून ठेवा, असे आवाहन करीत. धंदेवाईकांचा तो शब्द ट्रुथ यांनी उचलला आणि त्यात आपले सगळे आयुष्य भरले. जिचा देह तीन-तीनदा विकला गेला आणि ज्याचा एक पैसाही तिला मिळाला नाही, ती आता केवळ सावली विकत होती. देह विक्रीला नव्हता. पैसे तिच्याच हातात पडत होते.

कार्ड उलटे करा. मागे छापले आहे, की सोजर्नर ट्रुथ यांनी १८६४ साली मिशिगनच्या पूर्व जिल्ह्यातील न्यायालयाच्या कचेरीत या चित्राची कायद्यानुसार नोंद केली आहे. म्हणजे कॉपीराइट! सर्वसाधारणपणे असा हक्क नोंदला जाई फोटोग्राफरच्या किंवा प्रकाशकाच्या नावाने. ज्याचा फोटो त्याच्या नावाने नोंद करणे अगदी विरळा. आणि अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात फोटोंचा स्पष्ट समावेश झाला तो मार्च १८६५ मध्ये. ही निरक्षर स्त्री कायद्याच्याही दोन पावले पुढे होती. किंग्स्टनच्या न्यायालयात मुलासाठी उभे राहताना तिला कागदाची ताकद कळली होती. तीच येथे कामी आली, असे आम्हाला वाटते.

त्यांच्या सर्वांत आधीच्या कार्डांपैकी एकाचा उल्लेख राहून गेला. त्यात त्यांच्या मांडीवर एक छोटा उघडा फोटो दिसतो. तो त्यांचा नातू जेम्स कॉल्डवेल. ५४ व्या मॅसॅच्युसेट्स या काळ्या सैनिकांच्या पलटणीत तो १८६३ साली भरती झाला आणि त्याच वर्षी शत्रूच्या हाती सापडला. काळ्या कैद्याचे दक्षिणवाले काय करतील याचा भरवसा नव्हता. आजी आपला फोटो काढताना नातवाचा फोटो घेऊन बसली. महार पलटणीचा वारसा सांगणाऱ्या घरांतून गणवेशातला तो जुना फोटो भिंतीवर असतो, त्याची येथे आठवण झाल्याशिवाय राहत नाही. जेम्स युद्ध संपताना जिवंत सुटला.

२९ ऑक्टोबर १८६४ रोजी त्या वॉशिंग्टनला राष्ट्राध्यक्ष लिंकन यांना भेटल्या. लिंकन यांनी त्यांच्या वहीत सही केली, पण नावाआधी आंटी असे लिहिले. गोरे लोक वयस्क काळ्या बायकांना श्रीमती म्हणत नसत, आंटी म्हणत. गुलामांना मुक्त करणाऱ्या थोर माणसाच्या लेखणीतूनही ते सुटले नाही. त्यांच्या स्वत:च्या कार्डावर मात्र असा कोणताही शब्द नाही, नाव तेवढे आहे. वॉशिंग्टनमध्ये राहून त्यांनी मुक्त झालेल्या लोकांच्या छावण्यांत काम केले, स्वच्छता, काम-धंदा, शिक्षण यांचे धडे दिले. तेथील घोड्यांच्या ट्रामगाड्या काळ्यांना पाहून थांबत नसत. १८६५ साली कायद्याने भेद बंद झाला, तरी कंडक्टर मानायला तयार नव्हते. ट्रुथ गाडीत चढत, ढकलले तरी उतरत नसत. एका कंडक्टरने ओढाताण करून त्यांचा खांदा दुखावला. त्यांनी त्याला अटक करविली, त्याची नोकरी गेली. कायद्याने खुल्या झालेल्या तळ्याचे पाणी पिण्यासाठी महाडला जावे लागले होते, तसेच हे.

मुक्त झालेल्यांना पश्चिमेकडे जमीन द्या, म्हणून १८७० पासून त्यांनी सह्यांची मोहीम चालविली. भीक नको, जमीन द्या. सरकारने दाद दिली नाही. भूमिहीनांचा सत्याग्रह पाहिलेल्या आमच्या पिढ्यांना या मागणीचे मोल कळते. १८७२ साली बॅटल क्रीक येथे त्या मत द्यायला गेल्या, त्यांना परत पाठविले गेले. या सगळ्या धावपळीचा खर्च, आजारपण, घर, हे सारे पुस्तक आणि फोटोंच्या विक्रीतून चाले. पुढे मोठ्या आकाराची कार्डे आली, तीही त्यांनी काढवून घेतली.

१८७३ साली क्रांतिबा जोतिराव फुले यांनी आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील त्या सज्जनांना अर्पण केला, ज्यांनी काळ्यांना दास्यातून सोडविले. तेव्हा सोजर्नर ट्रुथ हयात होत्या, सभा घेत होत्या. पुण्यातील माळी समाजाच्या कर्त्या पुरुषाने सात समुद्रांपलीकडे पाठविलेला तो नमस्कार त्यांच्यापर्यंत पोहोचला नसेल, पण तो त्यांनाही होता असे आम्ही मानतो. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले, त्या शहरात ट्रुथ यांनी मोलकरीण म्हणून भांडी घासली होती. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची पद्धत बदला, जातीची खूण सांगणारे ते जाडजूड दागिने टाका, असे बजावले, तेव्हा दुसऱ्या दिवसापासूनच बायकांनी बदल केला. आपण जगाला कसे दिसावे हे ठरविण्याचा अधिकार आपला, हीच त्यातली गोष्ट. बाबासाहेबांचे सूट-बूट आणि हातातले पुस्तक पाहून आजही ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, त्यांना ती बरोबर कळलेली असते.

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर शिवाजी पार्कच्या कडेने फोटोंची, बिल्ल्यांची, कॅलेंडरांची दुकाने लागतात. आमच्या चळवळीचे ते मोठे विद्यापीठ आहे. कर्ज काढून आलेली माउली मुलाच्या जेवणातून पैसे वाचवून बाबासाहेबांचा फोटो घरी नेते. टीकाकार याला विभूतिपूजा म्हणतात. म्हणोत. आमचे म्हणणे वेगळे आहे. त्या फोटोंच्या शेजारी आपल्या घरातले फोटो कुठे आहेत? १९५६ च्या दीक्षेला गेलेली आजी, गिरणीतले आजोबा, नामांतराच्या लढ्यात लाठ्या खाल्लेला काका, यांचे पिवळे पडलेले फोटो पेटीत आहेत आणि त्यांच्या मागे एक अक्षर लिहिलेले नाही. पुढच्या पिढीला ते अनोळखी चेहरे वाटतील, आणि उद्या कुठल्या तरी संग्रहात ते केवळ दलित स्त्री, दलित कामगार अशा नावाखाली जमा होतील. येत्या रविवारी पेटी उघडा, घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, आणि प्रत्येक फोटोमागे पेन्सिलीने नाव, गाव आणि साल लिहा. शाईने नको, शाई पुढे उमटते.

सोजर्नर ट्रुथ यांचे निधन झाले तेव्हा त्यांचे वय साधारण ८६ होते. कबरीच्या दगडावर मात्र सुमारे १०५ कोरले गेले, कारण त्या फार वृद्ध असल्याच्या दंतकथा लोकांना आवडत. २००९ साली अमेरिकेच्या संसद भवनात त्यांचा अर्धपुतळा बसला. तेथे असा मान मिळालेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, १८९३ मध्ये, शिकागोच्या जागतिक प्रदर्शनासाठी फ्रँक कोर्टर या चित्रकाराने एक मोठे तैलचित्र काढले. त्यात लिंकन त्यांना एक बायबल दाखवीत आहेत. दोघेही हयात नव्हते, तेव्हा चेहरे फोटोंवरूनच घ्यावे लागले. ते तैलचित्र १९०२ साली बॅटल क्रीकच्या आरोग्यधामाला लागलेल्या आगीत जळाले. अडीच इंच रुंदीची कार्डे मात्र वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात जपून ठेवलेली आहेत. पुढे विणकाम घेऊन बसलेली ती स्त्री, आणि मागे, अजून वाचता येईल असे, तिचे नाव व १८६४ हे साल.